ड्रिलच्या सुरातलं गाणं

दातांच्या दवाखान्यात सगळ्यात आधी घाबरतात ते कान. दातांचा नंबर नंतर लागतो. बाहेरच्या बाकावर बसलेला माणूस मासिक उलटं धरून वाचत असतो आणि आतल्या बंद दारामागून तो आवाज सुरू होतो. बारीक, उंच, ताणलेल्या तारेसारखा. मासिकाची पानं थरथरायला लागतात. "माझं तसं काही विशेष नाहीये हो, मी उद्या आलो तर चालेल ना?" असं म्हणत माणूस चपला शोधायला उठतो.

त्याला परत बसवायचं काम ताईचं.

ताई म्हणजे डॉक्टरबाईंची मदतनीस. पेशंट तिच्या दुप्पट वयाचा असला तरी तिला ताईच म्हणायचा, कारण तोंडात कापूस असताना त्याहून लांब हाक मारता येत नाही. अवजारं वाफेच्या डब्यात घालायची, दाढ भरायचं सिमेंट कालवायचं, पेशंटच्या गळ्यात निळा कागदी रुमाल अडकवायचा आणि डॉक्टरबाई ड्रिल चालवत असताना तोंडात साठणारं पाणी नळीने ओढून घ्यायचं. हे सगळं ती इतकं गुपचूप करायची की बरे होऊन गेलेले लोक बाहेर सांगायचे, "डॉक्टरबाई एकट्याच सगळं बघतात."

डॉक्टरबाई चिडायच्या. "एकटी कशी बघीन? मला काय चार हात आहेत?"

"आहेत की. दोन माझ्याकडे ठेवायला दिलेत," ताई म्हणायची.

आता हिची गंमत अशी, की ज्या आवाजाला भिऊन माणसं जिना उतरून पळायची, तो हिला आवडायचा. घरी कपड्यांच्या घड्या घालताना ती नकळत तोच सूर नाकातून गुणगुणायची. लेक वैतागायची. "आई, कुणाची दाढ भरतेयस?"

गाण्याचं आणि तिचं या आधी एकदाच जमता जमता राहिलं होतं. शाळेत समूहगीताच्या रांगेत उभी असताना गाण्याच्या बाई तिच्यापाशी आल्या आणि कानाशी वाकून म्हणाल्या, "तू नुसते ओठ हलव हं, बाळ." तिने हलवले. पुढे संसारातही बऱ्याच ठिकाणी तिने नुसते ओठ हलवले आणि कुणाच्या ते लक्षात आलं नाही. मग लेकीच्या शाळेच्या कसल्याशा प्रकल्पासाठी घरातल्या जुन्या लॅपटॉपवर संगीत बनवायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर आलं. लेकीने प्रकल्प उरकला आणि विसरून गेली. आई मात्र पडद्यावरच्या त्या रंगीत पट्ट्यांकडे बघत राहिली. इथे गळा लागतच नव्हता. आवाज कुठूनही धरून आणायचा, पट्टीवर ठेवायचा आणि मग ओढा, कापा, वाकवा, एकावर एक रचा. कुणी कानाशी वाकायला येणार नाही.

दुपारी दवाखाना बंद असायचा. डॉक्टरबाई घरी जाऊन झोप काढायच्या. ताईचं घर लांब, म्हणून ती तिथेच थांबायची आणि डबा खाऊन झाला की एक्स-रेच्या खोलीत शिरायची. खोली कसली, कपाटच म्हणा. पण भिंतींत शिशाचा पत्रा, दाराला जाड रबर. दार लोटलं की बाहेरचा रस्ता, हॉर्न, गॅलरीतल्या कॉम्प्रेसरची धडधड, सगळं कुणीतरी ओल्या फडक्याने पुसून टाकल्यासारखं व्हायचं. मांडीवर लॅपटॉप, स्टुलावर शेजारच्या मुलाने टाकून दिलेला दोन सप्तकांचा कीबोर्ड, कानांवर हेडफोन.

एके दुपारी तिने रिकामं ड्रिल हवेतच चालवलं आणि त्याचा आवाज फोनमध्ये धरला. सॉफ्टवेअरमध्ये तो खाली उतरवला. एक सप्तक, मग आणखी एक, मग आणखी. मग लांब केला. ताणता ताणता चुटकीएवढ्या आवाजाचं सरोवर झालं. जिला तार म्हणून सगळे भीत होते तिच्या पोटात पाणी होतं, वारा होता, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर कुणी फुंकर घालत असावं असा ऊबदार घुमारा होता. ताईने डोळे मिटले. तिला वाटलं, आपण कुठेतरी खोल तळाशी बसलोय आणि वर, खूप वर, उन्हाचा एक गोल तुकडा हलतोय.

दार उघडलं ते डॉक्टरबाईंनी. "अगं, संध्याकाळचे पेशंट आलेत! आणि हे काय ऐकतेयस?"

ताईने हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवले. डॉक्टरबाई पर्स खांद्याला तशीच, दारातच उभ्या राहिल्या.

"कुणाचं आहे हे?"

"तुमचंच मशीन आहे, बाई."

"माझं मशीन असं गातं?"

"हळू केल्यावर."

डॉक्टरबाईंनी पर्स खाली ठेवली. मग म्हणाल्या, "स्पीकर कुठाय आपला?"

त्या दिवसापासून दवाखान्यात ताईचं संगीत वाजायला लागलं. तिची रीत साधी होती. ड्रिलचा जो सूर, तोच धरून खालचे सगळे सूर बांधायचे. त्यामुळे ड्रिल सुरू झालं की उशिरा आलेला एखादा गवई चपला काढून गुपचूप आपल्या जागेवर येऊन बसावा, तसं वाटायचं. लोकांचे खांदे सैल पडायला लागले. एक मुख्याध्यापिका तोंड उघडं ठेवून चक्क घोरल्या. एका नळदुरुस्तीवाल्याने जाताना विचारलं, "हे कुठल्या चॅनलवर लागतं हो?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "आमच्या एक्स-रेच्या खोलीत लागतं."

असं सगळं सुखाने चाललेलं असताना आबांची दाढ दुखायला लागली.

आबा म्हणजे ताईचे सासरे. त्यांचा सगळा जन्म कारखान्यात लेथवर गेला. गरगर फिरणाऱ्या लोखंडाला धारदार हत्यार लावून ते सोलायचं, ही त्यांची कारागिरी. कुणाला न भिणारा माणूस. त्यांच्या एका बोटाचं टोक यंत्राने नेलेलं, तर ते सांगायचे, "एवढंसं तर नेलं. बाकीचा मी आहे की." पण दाढ धरून ते आठवडाभर गप्प बसले आणि गाल सुजून डोळा बारीक झाला तेव्हाच घरात कळलं.

डॉक्टरबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "मुळाशी पू आहे. आणि मुळं बघा कशी वाकडी. दाढ काढायची म्हटली तरी कापूनच काढावी लागेल. त्यापेक्षा वरून भोक पाडून आतली घाण काढू. दाढही वाचेल."

"भोक म्हणजे त्या मशीनने?"

"इंजेक्शन देते ना, आबा. काही दुखणार नाही."

आबा खुर्चीत बसले ते फाशीचं तख्त असल्यासारखे. ताईने त्यांच्यासाठी खास एक लांब, संथ तुकडा बनवला होता. मुद्दाम काहीही न हलणारा. पहाटेच्या तळ्यासारखा स्वच्छ, सरळ एक सूर, ज्यावर कुठेही सुरकुती नाही. तिने तो सुरू केला. ड्रिल आलं, सुरात सूर मिसळला. आबांचे डोळे मिटले. ताईला वाटलं, जमलं.

मग ड्रिल दाढेला टेकलं आणि आबांनी खुर्चीतून अशी उडी घेतली, की अवजारांचा ट्रे जमिनीवर, डॉक्टरबाई भिंतीला आणि आबा गळ्यात निळा रुमाल फडफडवत थेट रस्त्यावर. ताई मागे धावली तर ते कोपऱ्यावरच्या चहावाल्याच्या बाकावर बसलेले.

"आबा, दुखलं का?"

"छे."

"मग?"

"घरी चल," आबा म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी लेकाची विचारपूस उडवून लावली, नातीला बाजूला सारलं आणि सुनेला स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं केलं.

"मिक्सर लाव. रिकामा."

तिने लावला.

"हा आवाज बघ. सरळ आहे ना? आता आत काहीतरी टाक."

तिने मूठभर कॉफीच्या बिया टाकल्या. मिक्सरचा आवाज दबला, खाली गेला, मग दाणे बारीक होतील तसा हळूहळू वर आला.

"कळलं? आवाज उतरला की पातं खातंय. किती उतरला त्यावरून किती खातंय ते कळतं. लेथवर मी डोळ्यांनी बघायचोच नाही कधी. कानानेच कळायचं, हत्यार किती आत गेलंय, धातू मऊ आहे की कडक." आबांनी सुजलेल्या गालावर हात ठेवला. "तुमच्या त्या खुर्चीत माझ्या दाढेचं मला सगळं ऐकू येतं, सूनबाई. बाकीच्यांना नुसता आवाज येत असेल. मला दाढ किती उरलीय ते ऐकू येतं. आणि कान बंद करून काय उपयोग? तो हाडातून येतो, आतून."

"पण माझं संगीत होतं ना सोबत..."

"तेच तर!" आबा उसळले. "वाकड्या पत्र्याशेजारी तू सरळ पट्टी लावून ठेवलीस! नुसता पत्रा बघितला तर बाक कळत नाही एखाद्या वेळी. पट्टी लावली की केसाएवढाही दिसतो. तुझा तो सूर एवढा सरळ, एवढा सरळ, की ड्रिल जरासं उतरलं तरी मला दरी दिसली."

ताईने मिक्सरचं झाकण काढून आत पाहिलं. इतके दिवस ती रिकाम्या ड्रिलचा सूर धरून गाणी बांधत होती. हवेतल्या ड्रिलचा. दाढेतलं ड्रिल खाली उतरतं, हे तिने रोज कानाशी ऐकलं होतं आणि एकदाही धरलं नव्हतं.

"मग आता हो, आबा?"

"आता काय. गोळ्या खाईन. उतरेल सूज."

सूज उतरली ती गालावरून जबड्याखाली. आबांना पातळ सोडून काही गिळता येईना. डॉक्टरबाईंनी ताईला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, "गोळ्यांनी थोपवून धरलंय, पण ते थोडे दिवस. ही सूज गळ्याकडे सरकली तर श्वासाला अडचण येईल. मग मोठं हॉस्पिटल, मोठी भूल. आणि त्यांच्या हृदयाचे रिपोर्ट तूच आणून दाखवलेस मला. ती भूल त्यांना झेपेल, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. त्यांना या खुर्चीत बसव, बाई. काहीही कर."

ताईने घरी सांगून पाहिलं. आबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "बघू. असाच गेलो तर गेलो." नवरा ओरडला, लेक रडली. आबांनी पांघरूण डोक्यावर ओढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई एक्स-रेच्या खोलीत नुसतीच बसून राहिली. जुनंच संगीत लावलं. ते तिला आता सरळ पट्टीसारखं दिसायला लागलं होतं. मान टाकून तिने डोळे मिटले आणि मग, झोप आणि जाग यांच्या मधल्या त्या पातळ जागेत, तिला आपण लिफ्टमध्ये आहोत असं वाटलं. लिफ्ट खाली चाललीये. पण आतला आरसा खाली चाललाय, दिवाही खाली चाललाय, शेजारचा माणूसही. मग खाली जाणं दिसणार कुठे? कुणालाच काही झालेलं नाही. सगळे आपापल्या जागी, शांत.

तिने डोळे उघडले. कीबोर्डच्या डाव्या कडेला एक छोटं चाक होतं, अंगठ्याने फिरवायचं. पुढे ढकललं की सूर वर जातो, मागे ओढलं की खाली घसरतो, सोडलं की आतली स्प्रिंग त्याला जागेवर आणते. तिने ते आजवर कधी वापरलंच नव्हतं. आता तिने एक सूर दाबून धरला आणि चाक मागे ओढलं. अख्खं सरोवर खाली गेलं, किनाऱ्यासकट.

डॉक्टरबाई झोप अर्धवट टाकून आल्या, म्हणजे ताईने फोनवर किती गोंधळ घातला असेल बघा. ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "म्हणजे मी ड्रिल टेकवणार आणि तू तेवढंच सगळं गाणं खाली ओढणार?"

"हो. ड्रिल एकटं उतरलं तर आबांना कळतं. सगळंच उतरलं तर कशावरून ओळखणार?"

"आणि पाणी कोण ओढणार? तुझी लेक?"

"नळी उजव्या हातात. चाक डावीकडेच आहे."

डॉक्टरबाईंनी काढलेल्या जुन्या दाढा प्लास्टरच्या ठोकळ्यात रोवल्या आणि तालीम सुरू झाली. सुरुवातीला नुसता गोंधळ. ड्रिल उतरल्याचं ऐकून ताई चाक ओढायची, तोवर उशीर झालेला असायचा. दोन सूर एकमेकांच्या मागे लागून जिना उतरत असल्यासारखे.

"हे तर आधीपेक्षा भयाण आहे गं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी टेकवायच्या आधी 'आता' म्हणू का?"

"आबा तो शब्दच धरून बसतील. पुढच्या वेळी 'आता' ऐकूनच उडी मारतील."

पुन्हा, पुन्हा. डॉक्टरबाईंचा हात दुखायला लागला. ताईच्या डाव्या अंगठ्याला घाम. आणि मध्येच डॉक्टरबाई सहज म्हणाल्या, "नवल आहे. चाक उशिरा येतंय, पण नळी कशी बरोबर वेळेवर येते तुझी?"

ताईने स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखं. खरंच. ड्रिल टेकण्याच्या किंचित आधी नळी आपोआप जागेवर पोचलेली असायची. हा हात कशाकडे बघून चालतो?

"पुन्हा करा, बाई. मी ड्रिल ऐकत नाही आता."

मग तिला दिसलं. टेकवण्याआधी डॉक्टरबाईंची करंगळी ठोकळ्याच्या कडेला विसावायची, आणि त्या श्वास घेऊन धरायच्या. तोंडावरचा मास्क अलगद आत ओढला जायचा, कळीसारखा. इतक्या वर्षांत ताईच्या उजव्या हाताने तो श्वास पाठ केला होता आणि तिला सांगितलं नव्हतं. तिने कान सोडून दिले. मास्ककडे पाहिलं. करंगळी विसावली, मास्क आत गेला, नळी पुढे झाली आणि तिच्याबरोबर चाक मागे. ड्रिल आणि सरोवर एकदमच खाली गेले, एकदमच वर आले. दवाखान्याच्या त्या रिकाम्या खोलीत दोघी बायका श्वास घेत होत्या आणि खोलीही त्यांच्याबरोबर घेत होती.

"बाई गं," डॉक्टरबाई मास्कच्या आतून म्हणाल्या.

पण आबांना पटवायचं कसं? खुर्चीचं नाव काढलं की ते पांघरुणात जायचे. ताईने खुर्चीचं नावच काढलं नाही. ती कीबोर्ड आणि लॅपटॉप ओट्यावर घेऊन बसली, मिक्सरचा सूर मोजला, त्या सुरात सगळं पुन्हा बांधलं आणि म्हणाली, "आबा, एक काम आहे. तुमच्या कानांनी तपासून द्या."

कामाचं म्हटल्यावर आबा उठले. "काय तपासायचं?"

"मिक्सर कधी खातोय ते सांगायचं. बस."

"हे काय, शेंबडं पोर सांगेल." त्यांनी हेडफोन चढवले, मग थांबले, आपल्या हत्यारांच्या डब्यातून लांब पेचकस काढला, त्याचं टोक मिक्सरच्या अंगावर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडावर. कारखान्यात यंत्राच्या पोटात काय बिघडलंय ते ते असंच ऐकायचे. "हं. आता हाडातून येतंय. फसवाफसवी चालायची नाही. लावा."

नातीने मिक्सर लावला आणि कॉफीच्या बियांची मूठ झाकणावरच्या भोकावर धरली. ताईने लेकीच्या बोटांवर नजर लावली. बोटं सैल पडणार, त्याच्या किंचित आधी चाक मागे.

आबा डोळे मिटून उभे. मिक्सर फिरत राहिला. नातीने दुसरी मूठ सोडली. आबांच्या कपाळावरची आठी विरघळल्यासारखी झाली.

"टाका की," ते म्हणाले. "किती वेळ रिकामाच फिरवताय?"

नात तोंडावर हात दाबून हसायला लागली. आबांनी नाक वर केलं. एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं. डोळे उघडून त्यांनी मिक्सरचं झाकण काढलं. आत काळीभोर पूड.

"हे कधी दळलंत?"

"तुम्ही ऐकत होतात तेव्हा."

"वासावरून कळलं मला," आबा गंभीरपणे म्हणाले. "आवाजावरून नाही." ते खुर्ची ओढून बसले. पेचकस मांडीवर ठेवला. मग ओट्याकडे बघत त्यांनी विचारलं, "डॉक्टरीणबाईंना सकाळची वेळ आहे का?"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातला अवजारांचा ट्रे अर्धा रिकामा करून त्यावर कीबोर्ड ठेवलेला होता. डॉक्टरबाईंनी तो पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायला लावला होता. "संगीत असेल तर असू दे, जंतू नकोत." कीबोर्डची एक पट्टी टेपने दाबून ठेवलेली, म्हणजे सूर आपला वाजत राहील. आबांच्या गळ्यात निळा रुमाल, कानांवर हेडफोन, आणि तोच सूर खोलीतल्या स्पीकरवरही. खुर्चीचे हात त्यांनी असे धरले होते, की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"हात वर केलात की मी थांबेन," डॉक्टरबाई म्हणाल्या. "वचन."

आबांनी मान हलवली. ताईकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या नजरेत तिला विनवणी दिसली. आत्ता जर अंगठा घसरला तर आबा पुन्हा या खुर्चीत बसणार नाहीत, आणि मग जे होईल ते सावरायला कुठलंही सॉफ्टवेअर पुरणार नाही.

सूर सुरू झाला. दुधी काचेतून आलेला उजेड दिव्याच्या उजेडात मिसळला होता. ड्रिल येऊन आपल्या जागी बसलं. ताईने स्पीकरकडे, दाढेकडे, आबांकडे बघणं सोडून दिलं. फक्त मास्क. निळा, मऊ, येणारा-जाणारा.

करंगळी हनुवटीवर विसावली. मास्क आत गेला.

चाक मागे.

खोली उतरली. दिवा, खुर्ची, काच, कपाटातल्या कवळ्या, सगळं हळुवार खाली गेलं, पाण्यात सोडलेल्या कापडासारखं. मग मास्क सुटला, सगळं वर तरंगत आलं. पुन्हा आत, पुन्हा खाली. दाढेचा वरचा थर कडक, तिथे थोडंच उतरायचं. आतला मऊ, तिथे जास्त. ताईला वाटलं, आपण तिघं एकाच लाटेवर आहोत आणि लाट डॉक्टरबाईंच्या फुप्फुसातून निघतेय. आपला अंगठा कुठे संपतो आणि स्प्रिंग कुठे सुरू होते, हेही तिला नीट सांगता आलं नसतं.

आणि आबांचा हात वर आला.

डॉक्टरबाई थबकल्या. ड्रिल बाहेर. ताईचा अंगठा जागेवरच होता. हात हवेतच होता, छातीच्या उंचीवर. मूठ अर्धवट मिटलेली, आणि ती संथपणे गोल फिरत होती. पुढे, किंचित थांबा, मागे. आबांचे डोळे मिटलेले होते.

ताईने ओळखलं. सासूबाई होत्या तेव्हा सांगायच्या, झोपेतसुद्धा यांचा हात असा फिरतो. लेथचं हत्यार पुढे सरकवायचं चाक असं फिरवतात. आबा घाबरून हात वर करत नव्हते. ते कामावर होते.

डॉक्टरबाईंच्या भुवया विचारत होत्या, थांबू? ताईने मान हलवली. चालू ठेवा.

त्यानंतर किती वेळ गेला कोण जाणे. आबांची मूठ फिरत होती, डॉक्टरबाई श्वास धरत आणि सोडत होत्या, ताईचा एक हात पाणी ओढत होता आणि दुसरा अख्खी खोली. कोण कुणाच्या तालावर चाललंय ते कळेनासं झालं. मग कसलासा वास आला, नळीतून पिवळसर काहीतरी सरकत गेलं आणि डॉक्टरबाईंचे डोळे मास्कच्या वर हसले. पू मोकळा झाला होता.

ड्रिल थांबलं. ताईने चाक एकदम सोडलं नाही. स्प्रिंग ओढत होती, तिच्याबरोबर ती हळूहळू वर आली आणि मग सूर मिटवला.

आबांनी डोळे उघडले. डॉक्टरबाईंनी चूळ भरायला पेला दिला. निम्मं पाणी बधिर ओठातून रुमालावर सांडलं.

"झालं, आबा. आतली घाण निघाली. आता गळ्याखालची सूज उतरेल. अजून दोनदा यायचंय, मुळं साफ करायला आणि वर टोपी बसवायला."

"दोनदा?" आबांची जीभ जड झाली होती. "मग आजच का नाही?"

"अहो, बाहेर माणसं बसलीत!"

आबांनी दाराकडे पाहिलं, मग सुनेकडे. ती कीबोर्डवरचं प्लॅस्टिक सोडवत होती. आबा उठण्याऐवजी मागे रेलले, डोकं पुन्हा टेकवलं.

"ते लाव परत," ते म्हणाले. "मशीन नको. नुसतं तुझं."

"मशीनशिवाय ते अर्धंच आहे, आबा."

"मग अर्धं लाव."

डॉक्टरबाईंनी हातमोजे काढले, दार थोडं उघडून बाहेर मान काढली आणि म्हणाल्या, "जरा थांबायला लागेल हं." ताईने अंगठा चाकावर ठेवला आणि या वेळी कुणाच्याही श्वासाकडे न बघता, आपल्या मनाला येईल तसं, ते मागे ओढलं.